वांझ ओळीचे दाणे

"मी सही नाई करत, सर," सुंदरा म्हणाली आणि तिनं पेन टेबलावर ठेवून दिलं.

गजेंद्र सरांनी मान वर केली. चौदा वर्षांत या बाईनं त्यांना कशालाही नाही म्हटलं नव्हतं. टेबलावर ज्वारीची नऊ कणसं पडली होती. त्यांत नुसती पोकळ टरफलं असायला हवी होती. पण प्रत्येक कणसात वीस-पंचवीस दाणे धरले होते. पांढरे, भरलेले, नखानं दाबले तर दूध येईल असे.

पवनारच्या अलीकडे बियाणं कंपनीचं हे संशोधनाचं शेत. संकरित ज्वारी करायची तर एक ओळ अशी लागते, जिच्या फुलात पराग तयारच होत नाही. दुसऱ्या वाणाचा पराग आणून टाकला तरच तिच्यात दाणा भरतो. शेतावर सगळे तिला वांझ ओळ म्हणत. सुंदराला ते पटत नसे. दाणा तर तीच धरते, मग वांझ कशी?

ही ओळ गजेंद्र सरांनी आठ वर्षं खपून तयार केली होती. पुढच्या महिन्यात तिचं बियाणं तीनशे एकरांवर शेतकऱ्यांकडे पेरायला जायचं होतं. त्याआधीची शेवटची पारख म्हणून चाळीस कणसं फुलायच्या आधीच कागदी पिशव्यांत बांधली होती. बांधणारी सुंदराच. बाहेरचा पराग आत जायला वाट नाही, म्हणजे दाणा धरायलाच नको. नऊ कणसांत धरला. म्हणून कागद तयार झाला: सुंदरा मडावी यांच्या निष्काळजीपणामुळे परका पराग आत गेला.

"करून टाक ना वो बाई," मुकादम अण्णाजी म्हणाले. "सर काई तुले काढून नाई टाकत. चूक कोनाची होत नाई?"

"माझी झाली नाई, अण्णाजी."

"मग दाणे आले कुठून?" सरांचा आवाज चढला.

"त्याच ओळीतून आले. ऊन तापलं का ते ओळ सोताच पराग द्याले लागते."

सर हसले. "आठ वर्षं तपासतोय मी तिला."

"हिवाळ्यात तपासता तुमी. भर उन्हात तिच्यात मी उभी रायली."

"गेल्या उन्हाळ्यातही पारख घेतली होती, सुंदराबाई. चाळीसच्या चाळीस कोरी. माझ्या वहीत आहे."

सुंदरानं टेबलावरचं एक कणीस उचललं आणि पुन्हा जागेवर ठेवलं. मग म्हणाली, "उद्या सूर्य निघायच्या आधी शेतात येजा. बुडातून मागून आलेल्या फुटव्यांवर अजून फुलोरा हाय, त्यायलेबी पिशव्या बांधल्या हाय. मी खोटी निघाली तर सही बी करीन, आन् पुन्हा या फाटकात पाय ठेवनार नाई."

घरी जाताना तिनं दोनदा मागे वळून शेताकडे पाहिलं. या कामाशिवाय तिला दुसरं काही येत नव्हतं. कोवळं फूल कधी उमलेल, दाण्यात दूध कधी भरेल, ते दूध कधी घट्ट होईल, हे ती नुसतं हात लावून सांगायची. शाळा तिसरीत सुटली. जे शिकली ते याच शेतात.

पहाटे सर आले. अण्णाजीही आले. ज्वारी उजाडता उजाडताच फुलते, हे तिघांनाही ठाऊक होतं. सुंदरानं दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले.

"मी हात नाई लावत. कणीस तुमीच निवडा. पिशवी तुमीच काढा. आन् मोबाईल धरा त्याच्याखाली."

सरांनी एक फुटवा निवडला, पिशवी काढली, मोबाईलची काळी काच कणसाखाली धरली आणि बोटानं टिचकी मारली.

काचेवर पिवळी भुकटी पडली.

त्यांनी काच शर्टाला पुसली. दुसऱ्या कणसाला टिचकी मारली. काही नाही. तिसऱ्याला मारली. पुन्हा पिवळं. खिशातून भिंग काढून ते बराच वेळ पाहत राहिले. फुलांतले जे पुंकेसर सुकलेले, पांढुरके असायला हवेत, ते पिवळेधमक फुगले होते.

सर तिथेच शेताच्या कडेला धुऱ्यावर बसले. "तीनशे एकर," ते पुटपुटले. "सगळ्यांचं बियाणं भेसळीचं निघालं असतं." त्यांनी खिशातला कागद काढून फाडला. आठ वर्षांचं काम त्यांच्यासमोर उभं होतं आणि त्यांना त्याच्याकडे बघवत नव्हतं. मग ते सुंदराकडे वळले.

"चूक तुमची नव्हती, सुंदराबाई. माझी होती. पण एक कळत नाही. मग गेल्या उन्हाळ्यात चाळीसच्या चाळीस कोरी कशी निघाली?"

"मांगच्या साली ऊनच कमी असंल, सर," अण्णाजी घाईनं म्हणाले. त्यांनी सुंदराकडे पाहिलं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

सुंदरानं मान हलवली नाही. पाठीमागचे हात सोडले आणि ती सरांच्या समोर येऊन उभी राहिली.

"ऊन तेवढंच होतं, सर. तेरा कणसांत दाणे होते. मले वाटलं माझाच हात चुकला, म्हणून तुमी शेतात याच्या आधी मी ते दाणे खुडून फेकलते. यंदा नाई खुडले."