जळक्या उताराचं नाव

तिचा खड्डा अर्धा खणून झाला होता, तेवढ्यात वनाधिकारी फलक खांद्यावर घेऊन चढण चढून आले. फलकावर तिच्या नवऱ्याचं नाव होतं. आगीत गेलेल्या वनरक्षकाचं नाव या डोंगराला द्यायचं ठरलं होतं.

तीन वर्षं ती या उतारावर राबत होती. आधी भुंगेऱ्यांनी खोडं पोखरून झाडं उभ्याउभ्या वाळवली, मग आगीनं होतं नव्हतं ते नेलं. पाऊस पडला की राख आणि माती ओढ्यात उतरायची, खालच्या गावात नळाला काळं पाणी यायचं. म्हणून बायका उताराला आडवे ओंडके बसवून त्यांच्यामागे रोपं लावायच्या. सुटी झाली की बाकीच्या घरी जात, ती थांबायची. नवऱ्याची आठवण जपतेय बिचारी, असं लोक म्हणायचे. वनाधिकारीही थांबायचे आणि मुकाट्यानं माती ओढायचे. एवढा मोठा साहेब हात मळवतो, याचं सगळ्यांना कौतुक.

फलक इथं लावू नका, असं तिनं सांगितलं. त्यांनी कारण विचारलं. तिनं कुदळ खाली ठेवली आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेलं सगळं सांगून टाकलं. त्या दिवशी वारा सुटला होता. भुंगेरे लागलेली झाडं जाळून येतो, म्हणून नवरा रॉकेलचा डबा घेऊन निघाला. तिनं दारात अडवलं, विनवण्या केल्या. तो एक शब्द न बोलता गेला. वर मेंढ्या राखणारं म्हातारं जोडपंही त्या आगीत गेलं. चौकशीत वीज पडल्याचं ठरलं आणि तिनं तोंडाला कुलूप लावलं.

“डोंगर ह्यांनीच पेटवला, साहेब. ह्यांचं नाव इथं नको.”

वनाधिकाऱ्यांनी फलक जमिनीवर ठेवला.

“वीज कागदावर मीच पाडली, वहिनी,” ते म्हणाले. “त्यानं मला दोनदा विनवलं होतं. वारा आहे, उद्या जाळतो म्हणाला. मीच म्हटलं, आजच्या आज जाळ, नाहीतर नोकरी सोड.”

तीन वर्षं एकेका खड्ड्यागणिक तिनं नवऱ्याला शिव्याशाप दिले होते; आज पहिल्यांदा तिला तो नसल्याचं रडू आलं.