आपला आपण प्रभारी

“पत्ते सगळ्यांकडे आहेत,” कोमल टेबलाखालून म्हणाली, “पण एकही खरा नाही.”

कृष्णकांतरावांना हे बोलणं मुळीच आवडलं नाही. ‘सागरबंधू मच्छीमार संघा’च्या पनवेल कार्यालयात ते हेडक्लार्क होते, आणि गेला महिनाभर प्रभारी अधिकारीसुद्धा. कोमल म्हणजे कामोठ्याहून येणारी कॉम्प्युटर दुरुस्त करणारी मुलगी. तिनं बाहेर येऊन हात झटकले आणि समजावून सांगितलं. ऑफिसातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला नंबराचा एक पत्ता लागतो, आणि ते पत्ते वाटायचं काम सर्व्हरचं, म्हणजे मुख्य कॉम्प्युटरचं. तो बंद असला की कॉम्प्युटर त्याला हाका मारतो, थोडी वाट बघतो, आणि उत्तर आलं नाही तर स्वतःच स्वतःला एक पत्ता देऊन टाकतो. शेजाऱ्यांना एवढंच विचारतो, की हा नंबर कुणी घेतलेला नाही ना.

“मग एकमेकांशी बोलतात की नाही?” कृष्णकांतरावांनी विचारलं.

“बोलतात की. इकडची फाईल तिकडे मस्त जाते. पण बाहेर त्या पत्त्याला कुणी विचारत नाही, सर. अलिबागच्या हेड ऑफिसचा एकही मेल तुम्हाला मिळत नसणार. सर्व्हर कुठे ठेवलाय?”

सर्व्हर साहेबांच्या केबिनमध्ये होता, कारण एसी काय तो तिथंच. आणि केबिनला कुलूप होतं.

आता हे कुलूप का, तर जुने साहेब बदलून गेले आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. कृष्णकांतरावांची उभी नोकरी साहेबांचा चहा गरम आहे की नाही हे बघण्यात गेलेली. निवृत्तीच्या आधी त्या खुर्चीत एकदा हक्कानं बसायचं, एवढी एकच इच्छा उरली होती. खांदा कॉलनीतल्या घराच्या पाटीवर त्यांच्या नावाखाली ‘अधिकारी’ लिहिण्यापुरती जागाही त्यांनी सोडून ठेवली होती. पण अकाउंटंट उदयसिंहचाही त्या खुर्चीवर डोळा. एका दुपारी तो पठ्ठ्या केबिनमध्ये एसी लावून, खुर्चीत रेलून पेपर वाचताना सापडला. कृष्णकांतरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी त्याला बाहेर काढलं, केबिनचा मेन स्विच खाली पाडला, कुलूप ठोकलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. अलिबागहून नेमणुकीचा हुकूम येईपर्यंत आत कुणी जायचं नाही.

पण तोवर कारभार तर चालायला हवा ना. म्हणून त्यांनी ‘प्रभारी अधिकारी’ असा शिक्का करून घेतला. तोही उदयसिंहला रीतसर विचारून, की हे पद तुम्ही तर घेतलेलं नाही ना. उदयसिंह नाही म्हणाला आणि दुसऱ्याच दिवशी ‘प्रभारी उपाधिकारी’ होऊन आला. मग दोघांनी एकमेकांच्या रजा मंजूर केल्या, एकमेकांकडून खुलासे मागवले आणि ते समाधानकारक असल्याचं एकमेकांना कळवलं. कार्यालय इतकं सुरळीत आजवर कधी चाललं नव्हतं. बंद केबिनमधला फोन अधूनमधून वाजत राहायचा. पण तो साहेबांचा फोन. दुसऱ्या कुणी उचलायची पद्धत नव्हती.

कुरकुर केली ती फक्त उरणच्या सोनाबाईंनी. कृष्णकांतरावांच्या शिक्क्याचा बर्फाचा परवाना घेऊन त्या कारखान्यावर गेल्या आणि तशाच परत आल्या.

“बरफवाला बोलतो, असा कोनी सायेबच नाय,” त्या म्हणाल्या. “माझी मच्छी नासली, त्याचा काय?”

बर्फवाल्याला शिस्त नाही, असं सांगून कृष्णकांतरावांनी त्यांची बोळवण केली होती.

“किल्ली द्या सर, पाच मिनिटांचं काम आहे,” कोमल म्हणाली.

कृष्णकांतरावांचा हात खिशापर्यंत गेला. तेवढ्यात उदयसिंह उगाचच खुर्चीतून उठला आणि केबिनच्या दाराशी येऊन उभा राहिला. हात खिशातच थांबला.

“हुकूम आल्याशिवाय केबिन उघडायची नाही,” कृष्णकांतराव म्हणाले.

“अहो, पण हुकूम येणार कसा?”

“पोस्टानं. इतकी वर्षं कसा येत होता?”

कोमलनं कपाळाला हात लावला आणि बॅग उचलून ती निघून गेली.

पुढच्या आठवड्यात दारात रिक्षा थांबली. खाली उतरल्या त्या अनुया मॅडम, हेड ऑफिसनं पाठवलेल्या नव्या अधिकारी. वयानं कृष्णकांतरावांच्या मुलीएवढ्या. आत येताच त्यांनी विचारलं, “कृष्णकांतराव कोण?”

“मी,” कृष्णकांतराव पुढे झाले. नेमणूक दुसऱ्याच कुणाची झाली होती, तरी त्यांनी मॅडमसाठी खुर्ची पुढे सरकवली.

मॅडम बसल्या नाहीत. “एक विचारायचं होतं,” त्या म्हणाल्या. “या जागेवर तुमचीच बढती झाली होती. महिनाभर मेल केले, केबिनमध्ये फोन केले. तुमचा होकारच आला नाही, म्हणून शेवटी मला पाठवलं. तुम्हाला नको होती का?”

कृष्णकांतरावांच्या हाताला खिशातली किल्ली लागत होती. सगळं ऑफिस त्यांच्याकडे बघत होतं. त्यांना रडू फुटेल असं वाटलं, आणि रडू फुटू नये म्हणून ते बोलले.

“मीच नको म्हटलं,” ते म्हणाले. “या वयात कशाला ती जबाबदारी.”

“हो ना मॅडम,” उदयसिंह लगेच म्हणाला. “आम्ही सगळ्यांनी किती समजावलं त्यांना.”