घरच्या माणसाची गोळी

अबोलीचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. मुलुंडचे डॉक्टर तिच्या वडिलांचा, नंदकुमारांचा, रक्तदाब तपासता तपासता हसून म्हणाले, "नवी गोळी मानवलेली दिसते! तुमचा श्रेयस सांगत होता, बाबांनाच पहिली दिली म्हणून. म्हटलं, घरच्या माणसाला देतो म्हणजे खात्रीच झाली. तुमच्या कुमुदवहिनींनाही तीच लिहून दिली."

श्रेयस औषध कंपनीत होता. बाजारात आलेलं नवं औषध डॉक्टरांच्या गळी उतरवायचं, हे त्याचं काम. पण नंदकुमारांच्या पोटात अजून जुनीच गोळी जात होती.

घरी येताच त्यांनी विचारलं, "मग मला का नाही दिलीस रे?"

श्रेयसने मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही. "धंद्यात तसं बोलावं लागतं, बाबा. तुम्ही जुनीच घ्या ना. नवीचं अजून काही सांगता येत नाही."

नंदकुमारांच्या मनात पाल चुकचुकली. ते तसेच वरच्या मजल्यावर वहिनींकडे गेले. "वहिनी, ती नवी गोळी नका घेऊ. जुनीच बरी."

वहिनींनी डोळे बारीक केले. "वा भावोजी! स्वतः नवी घेता आणि विधवा भावजयीला जुनी होय? डॉक्टरांनी सांगितलंय मला सगळं."

'मी घेत नाही' एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की पोटचा मुलगा खोटारडा ठरत होता. "तसं नव्हे हो," असं पुटपुटत ते जिना उतरले.

कुमुदवहिनींनी नवीच गोळी चालू ठेवली. त्याच वर्षी, अनंत चतुर्दशीला सकाळी त्या गेल्या.