साडेसातच्या खाली नको

"नऊ हजार!" भागूबाईनं दर लिहून दिलेल्या बंद पाकिटातला कागद वाचून मॅनेजर शिवराज तिच्याकडं बघतच राहिला.

मेघाही चक्रावली. दौलताबाद रोडवरच्या या मंगल कार्यालयाची साफसफाई बारा वर्षं भागूबाईकडंच होती. एका लग्नाला सहा हजार. हॉल, पंगतीची जागा, संडास, सगळं धरून. इथला दर तिच्याइतका कुणाला ठाऊक? मग नऊ कसे?

कालच्या फोनचंही कोडं सुटलं नव्हतं. मेघा आठ वर्षं भागूबाईच्या हाताखाली राबली होती. दिवाळीत मजुरीवरून भांडण झालं आणि ती वेगळी झाली. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. आणि काल अचानक फोन. "पाकीट भरतीस ना? साडेसातच्या खाली लिहू नको." एवढं बोलून ठेवलासुद्धा.

सापळाच असणार, मेघाला वाटलं. आपल्याला वर चढवून म्हातारी स्वतः सहाच लिहील. म्हणून मेघानं आधी साडेपाच लिहिले. मग सहा बायांची मजुरी, फिनाईल, रिक्षाभाडं मांडून पाहिलं. कसंच बसेना. शेवटी तो कागद फाडला आणि चडफडत साडेसात लिहिले.

शिवराजनं तिचं पाकीट फोडलं आणि त्याचा चेहरा खुलला. "हे बरंय! नऊ ऐकून डोकंच फिरलं होतं माझं. मेघाताई, यंदाचं काम तुमचं."

मेघा बाहेर आली. भागूबाई आधीच येऊन पायरीवर गुडघा चोळत बसली होती.

"मावशी, काम सोडायचंच होतं तर पाकीट कशाला भरलं?"

"नुसतं सोडलं असतं तर त्यानं तुला सहावरच दाबलं असतं. माझे नऊ ऐकले म्हणून तुझे साडेसात स्वस्त वाटले त्याला."

मेघाला काही कळेना. "पण माझ्यासाठी एवढं का? मी तर भांडून गेले होते."

"तुझ्यासाठी कुठं?" भागूबाई भिंतीला धरून उठली. फाटकापाशी तिच्या पाच बाया ताटकळत उभ्या होत्या. तिनं त्यांच्याकडं बोट केलं. "माझे गुडघे गेले आता. या बायांना तू कामावर घे. सहा हजारात त्यांची रोजी निघत नाय, तू भांडलीस ते खरंच व्हतं. बारा वर्षं मी त्यांना कमीच दिलं."