दोन दिवसांचा गंडा

मे महिन्यात मुंबईहून उमरठला आलेली सेजल भावंडांबरोबर ओटीवर फासे टाकून जादूगारांचा खेळ खेळत होती. रखमाआत्या शेजारीच फणसाचे गरे काढत बसली होती.

"आत्या, ताईत किती चालणार ते बनवणाऱ्याच्या लेव्हलवर असतं. पाचव्या लेव्हलचा जादूगार असेल, तर पाच दिवस. दहाव्या लेव्हलचा असेल, तर दहा."

"लेव्हल म्हंजे यत्ता ना गो?"

"हो, तसंच समज," फासे खुळखुळवत सेजल म्हणाली.

रखमाचा हात थांबला. सहदेव भगतानं मंतरलेला गंडा तिच्या म्हशीच्या गळ्यात बांधला, की ती दोन दिवस गरीब गाय व्हायची आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा लाथ मारून दुधाची चरवी पालथी करायची. रखमा तडक भगताच्या दारात गेली.

"सहदेवदादा, तू कितवी शिकलास रे?"

"दुसरी. का गो?"

"तरीच! दोनच दिस चालतो तुझा गंडा."

हा हा म्हणता ही गोष्ट वाडीभर झाली. भगताचं अंगण ओस पडलं आणि काळे दोरे घेतलेली माणसं पंधरावी शिकलेल्या गुरुजींच्या दारात रांग लावू लागली.

 

जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा मांडीवर नवीकोरी पाटी घेऊन सहदेव भगत तिसरीच्या वर्गात हजर!