एकास एक

लोर्न टॅकाबेरीने क्लेमच्या कपाळाला हात लावला आणि तापलेल्या तव्यावरून घ्यावा तसा झटकन मागे घेतला.

"अंडं तळता येईल तुझ्यावर," तो पुटपुटला.

"तळ की मग. काल दुपारपासून पोटात काही ठरलेलं नाही." क्लेमचे दात वाजत होते.

"खोकू नकोस. दारात आरोग्य खात्याचा माणूस उभा आहे."

"नाही खोकत, कप्तान. मरायच्या आधीसुद्धा तुला विचारीन."

बाहेर सेंट-ओमेरची रिंक, बर्फावरच्या हॉकीचं मैदान, खच्चून भरली होती. तीन हजार माणसं इतक्या दाटीवाटीने बसली होती की एकाने सोडलेला श्वास शेजाऱ्याने घ्यायचा, त्याने सोडलेला पुढच्याने. एकोणीसशे एकोणीसचा मार्च. हिवाळ्याआधी फ्लूने चर्चना कुलपं लावली होती. आता तो गेला म्हणत होते. तरी हुकूम होताच: एका खेळाडूला जरी ताप निघाला, तरी रिंक बंद आणि मोसम रद्द.

पुढची तारीखही मिळणार नव्हती. बर्फ देवाचा होता आणि देवाने तो परत मागायला सुरुवात केली होती. आणखी आठ दिवसांनी तिथे बदकं पोहली असती.

टॅकाबेरीचं केटल लेक आणि यजमान सेंट-ओमेर, दोघांनीही दोन-दोन सामने जिंकले होते. आज जिंकेल तो संघ पुढच्या वर्षी राहणार, दुसऱ्याने गाशा गुंडाळायचा, असं मालक मंडळींनी ठरवलं होतं. टॅकाबेरी धरून संघाची सातही माणसं निकेलच्या खाणीतून वर आली होती. हरले तर पुन्हा खाली. टॅकाबेरीचा बाप अजून खालीच होता. सतरा वर्षांत त्याला कुणी वर काढलं नव्हतं.

म्हणून आगगाडीतच क्लेम आणि मर्डो तापाने फणफणले, तेव्हा टॅकाबेरीने डब्याचं दार लावून घेतलं आणि तोंडही. संघात आठवा माणूस नव्हता.

सामना सुरू झाला. सेंट-ओमेरचा कप्तान शार्लबुआ म्हणजे ताडमाड गडी. मिशा अशा, की वारा उलटा असला तर त्याला वळायला जड जायचं म्हणत.

आठव्या मिनिटाला क्लेम पडला. कुणी हात लावला नव्हता, काठी लावली नव्हती.

"गुडघा!" टॅकाबेरी ओरडला. "जुना गुडघा आहे त्याचा!"

क्लेमने दोन्ही हातांनी छाती धरली होती.

"तुमच्याकडे गुडघा तिथे असतो का रे?" वरून कुणीतरी विचारलं आणि सगळी बाकं हसली.

शार्लबुआ जवळ आला. वाकून क्लेमच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. टॅकाबेरी क्लेमला झाकायला पुढे सरसावला. पण शार्लबुआ वळला आणि काठीने आपल्याच एका माणसाला खूण केली. "तू बाहेर हो."

हे नियमात नव्हतं. नदीवर खेळायचे त्या काळातला रिवाज होता तो: समोरचा माणूस पडला, की आपलाही एक कमी करायचा. पण निर्णायक सामन्यात असं कोण करतं? तो माणूस मान खाली घालून, कुंपणाला खांदा घासत निघून गेला. रागावला असणार, टॅकाबेरीला वाटलं. मग टोप्या उडाल्या.

उत्तरार्धात मर्डो पडला. टॅकाबेरीने पोटात काठी लागल्याचं सांगितलं. शार्लबुआने या वेळी आपला सर्वांत जास्त गोल मारणारा बाहेर काढला. त्याच्या नावावरून गावात निम्म्या पोरांची बारशी झाली होती.

टॅकाबेरीला राहवेना. "अरे, त्याला कशाला? दुसरा कुणी काढ की!"

"संघ माझा, मर्जी माझी. खेळ मुकाट्याने."

केटल लेकचा तिसरा माणूस लटपटला, तेव्हा तर पंचाची शिट्टी वाजायच्या आत शार्लबुआचा तिसरा दाराशी पोचला होता. चारास चार उरले. शेवटच्या मिनिटाला टॅकाबेरीने रबराची चकती गोलाकडे मारली. म्हातारी चर्चला निघावी तशी ती रमतगमत गेली. सेंट-ओमेरच्या गोलरक्षकाने तिच्याकडे पाहिलं आणि जाऊ दिलं.

केटल लेक जिंकलं. खाण टळली.

पण सेंट-ओमेरच्या लोकांना हरल्याचं दुःख कुठलं! बायका शार्लबुआच्या दोन्ही गालांचे मुके घेत होत्या. "हरलास तरी राजा आहेस आमचा!" रिवाजाप्रमाणे चषक दारूने भरला. आधी टॅकाबेरी प्यायला, मग शार्लबुआ, मग चषक बाकांवर चढला. म्हातारे प्यायले, बाया प्यायल्या, कडेवरच्या पोरांच्या ओठांना थेंब लावले. आरोग्य खात्याच्या माणसाने तर दोनदा तोंड लावलं आणि मिशी पुसली.

टॅकाबेरी बघत होता. इतक्या सरळ माणसाला आपण फसवलं, वर त्याच्या गावात हे सोडलं. चषक गेला खड्ड्यात. पुन्हा खाण तर खाण. तो तडक यजमान संघाच्या खोलीकडे निघाला.

शार्लबुआ दाराला पाठ लावून उभा होता. घामाने थबथबलेला.

"शार्लबुआ, तुला तोंड दाखवायची लाज वाटते मला. गुडघा नव्हता, काठी नव्हती. ताप होता. ठाऊक असून मी त्यांना उतरवलं. तू देवमाणसासारखा वागलास, आणि मी..."

"हळू बोल."

शार्लबुआने बोळाच्या दोन्ही टोकांना पाहिलं आणि दार वीतभर उघडलं. बाहेर काढलेले तिघे कोटांखाली जमिनीवर ओळीने पडले होते. ओठ निळे. गोलरक्षक भिंतीला टेकून बसला होता. नाकातून वाहिलेलं रक्त त्याच्या हनुवटीवर वाळलं होतं.

शार्लबुआने दार ओढून घेतलं.

"मला धरून पाच," तो म्हणाला. "तुझे किती?"