टाकीचं तोंड
तीस वर्षं बंद टाक्यांत उतरून वेल्डिंग केल्यावर आप्पांचे हात थरथरू लागले, चेहरा गोठला. "धुरातलं मँगनीज मेंदूत साठलंय," डॉक्टर म्हणाले. "ते आता निघणार नाही." त्याच आठवड्यात जावयाला टाकीतलं तेच काम मिळालं. आप्पा पाय ओढत कारखान्यात गेले आणि टाकीचं तोंड अडवून बसले. "आप्पा, उठा, काम खोळंबलंय," फोरमन म्हणाला. "आधी धूर ओढणारा पंखा बसव." "तुम्ही कधी मागितला होता का?" "नाही. तिथंच चुकलं." "घरी चला, माझी नोकरी जाईल," जावई काकुळतीला आला. आप्पा हलले नाहीत. दुपारपर्यंत बाकीच्यांनीही हत्यारं खाली ठेवली. शेवटी फोरमनने पंखा आणवून बसवला. "जिंकलात. आता तरी उठा." "मघापासून तेच करायला बघतोय," आप्पा पुटपुटले, "पाय ऐकत नाहीत." जावयाने काखेत हात घालून त्यांना उभं केलं.